छायाचित्र कुणी काढायचे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मधुमेहींच्या डोळ्यांची संगणकाकडून तपासणी करण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. जिथे नेत्रतज्ज्ञ मुळात पोहोचतच नाही तिथे नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक यंत्राबद्दल शंका काढत बसणे ही कोल्हापुरात राहून परवडणारी चैन आहे, आणि वीज किंवा इंटरनेट नसणे हा संगणकशास्त्राचा दोष नव्हे, असा आपल्या म्हणण्याचा आशय. आपण स्वतः संगणक विषय शिकवता, त्यामुळे दोन ओळींत आटोपण्याऐवजी सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. गूगलच्या अशा यंत्राच्या थायलंडमधल्या वापराविषयी मी 'पाचातल्या एका तपासणीत यंत्र चुकले' असे लिहिले होते. ते खरे नाही. गूगलच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या, अकरा दवाखान्यांतल्या त्या अभ्यासात पहिल्या सहा महिन्यांत डोळ्याच्या आतल्या पडद्याची १,८३८ छायाचित्रे यंत्राला दिली गेली आणि त्यांतली २१ टक्के पुरेशी स्पष्ट नसल्याने यंत्राने ती तपासलीच नाहीत. चुकीचे निदान करणे आणि निदान करायला नकार देणे यांत मोठा फरक आहे, आणि अंधुक छायाचित्रावर ठोकून निकाल देण्यापेक्षा नकार केव्हाही बरा, हे मला मान्य आहे.

मात्र त्या नकारानंतर रुग्णाचे काय होते, हा माझा प्रश्न तसाच उरतो. नियमाप्रमाणे त्याला दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे होते, म्हणजे दिवसाचा रोजगार बुडणार. काही ठिकाणी तर हा हेलपाटा टळावा म्हणून परिचारिकाच रुग्णांना तपासणीत भाग घेण्यापासून परावृत्त करू लागल्या.

आपण ज्या अचूकतेचा दाखला देता, ती २०१६ सालच्या शोधनिबंधातली. सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रांवर ते यंत्र शिकवले गेले आणि त्यांतली काही भारतातल्याच डोळ्यांच्या रुग्णालयांतली होती, तेव्हा 'परदेशी यंत्राला आपले डोळे कळत नाहीत' असली तक्रार मी करणार नाही. पण ती अचूकता हातात आलेल्या छायाचित्रावरची आहे, आणि मुळात छायाचित्र हाती येणे हेच आमच्याकडे निम्मे काम असते.

माझ्या सासूबाई गगनबावडा तालुक्यात राहतात. गेल्या वर्षी गावाजवळच्या एका तपासणी शिबिरात मी त्यांना घेऊन गेलो. औषध न घालता डोळ्याची बाहुली मोठी व्हायची तर खोली अंधारी हवी, आणि त्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. तिथल्या ताईंनी खाटेवरची चादर काढून दोन खिळ्यांना अडकवली, तरी वरून उजेड येतच राहिला. त्यात सासूबाईंचा मोतीबिंदू. हनुवटी टेकवून 'हलू नका आजी' चार वेळा झाले आणि चारही छायाचित्रे अस्पष्ट निघाली. शेवटी चिठ्ठी मिळाली : कोल्हापूरला दाखवा. दिवस पावसाळ्याचे, आणि नदीचे पाणी रस्त्यावर आले की गगनबावड्याची एसटी बंद. त्या कोल्हापूरला जाऊ शकल्या त्या थेट दिवाळीनंतर.

तुम्ही म्हणाल, यात संगणकशास्त्राचा काय संबंध? थायलंडमध्ये पुढे काय बदलले ते पाहा. जे छायाचित्र यंत्राला वाचता येत नाही ते, रुग्णाला सरसकट पाठवून देण्याऐवजी, आधी तज्ज्ञाने त्याच्या इतर नोंदींसोबत पाहावे, अशी दुरुस्ती कार्यपद्धतीत करण्यात आली. मोठा फरक पाडणारी ही दुरुस्ती यंत्राच्या गणितात नव्हती, आणि संशोधक दवाखान्यात जाऊन बसले नसते तर ती कुणाला सुचलीही नसती. तिला मी संशोधनच म्हणतो. आपण तिला 'अंमलबजावणीची अडचण' म्हणून बाजूला ठेवता, आणि आपला मतभेद एवढाच आहे.

संगणकाने शिक्षणातही फरक पडतो हे दाखवायला आपण दिलेले दिल्लीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. तिथल्या शिकवणी केंद्रांत माइंडस्पार्क हे शिकवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांची साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती झाली, हे खरेच आहे. ते सॉफ्टवेअर मूल कितवीत बसते हे न पाहता त्याला काय येते तिथून सुरुवात करत होते; आठवीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी अडणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली असल्याने याचे मोल मला कुणी सांगायला नको. पण त्या केंद्रांत रोजच्या दीड तासातला निम्मा वेळच संगणकावर जाई. उरलेला निम्मा वेळ एक शिक्षक-सहायक बारा-पंधरा मुलांना घेऊन बसत असे. उलट पेरूमध्ये शेकडो ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले, आणि सव्वा वर्षानंतरच्या मोजणीत भाषा-गणिताच्या गुणांत फरक आढळला नाही.

'मग करायचे काय?' या आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : आपल्या विद्यार्थ्यांचा डोळ्यांच्या छायाचित्रांवरचा प्रकल्प जरूर होऊ द्या, पण त्यातली काही छायाचित्रे त्यांनी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उभे राहून स्वतः काढलेली असावीत, आणि अहवालात किती वाया गेली, का गेली व त्या माणसांना पुढे कुठे पाठवले याचा तक्ता अचूकतेच्या तक्त्याच्या आधी यावा. मूळ लेखातले चुकीचे वाक्य आज दुरुस्त केले आहे आणि चूक आपण प्रतिक्रिया दिल्यामुळे लक्षात आली, अशी नोंदही तिथे केली आहे.