पेडलवरचा पाय आणि मिरजेचा तानपुरा

परवा गावाकडच्या गाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी झोई कीटिंगचा व्हिडिओ टाकला. बाई चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) घेऊन बसलीय, शेजारी लॅपटॉप, पायाशी पेडल, एकटीच वाजवतेय आणि ऐकू येतायत दहा-बारा चेलो. पाच मिनिटांत एका काकांचा मेसेज आला, "याला संगीत म्हणत नाहीत, पायाने बटणं दाबायचा खेळ आहे. साधना जमत नाही म्हणून मशीन." त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मी लिहिलं की काका, निदान पूर्ण ऐका तरी, तर उत्तर काय, "तुम्ही तिकडचे, तुम्हाला ते आवडणारच."

तिकडचे म्हणे! मी मिरजेची आहे हो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, जिथल्या दर्ग्यात अजून दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं होतं, जिथल्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्या मिरजेची. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते म्हणून लगेच तिकडची झाले होय?

बरं, आधी ते पेडल करतं काय ते सांगते, कारण ग्रुपवर निम्म्या लोकांची समजूत अशी दिसली की मागे रेकॉर्ड लावून बाई वरून वाजवतेय. तसं नाहीये. जे ऐकू येतं ते तिथेच, त्याच वेळी वाजवलेलं असतं. चार-आठ मात्रांचा एक तुकडा वाजवायचा, पेडल दाबलं की तो आपोआप फिरत राहतो (हाच लूप), मग त्यावर दुसरा तुकडा, मग चेलोच्या लाकडावर थापा मारून ताल, वर कुठेतरी तारसप्तकातली बारीक रेघ. आणि पेडल बरोब्बर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडायला लागतं. केसभर उशीर झाला की ते आवर्तन लंगडत फिरतं, आणि एखादा सूर बेसूर लागला असेल तर तोही दर फेरीला तुमच्या तोंडावर येऊन आदळतो. गवय्याचा एखादा सूर घसरला तर पुढच्या तानेत लोक विसरून जातात, इथे ती सोय नाही. त्यामुळे साधना जमत नाही म्हणून मशीन, हे म्हणणाऱ्याने एकदा पेडल पायाखाली घेऊन बघावंच.

कीटिंग कॅनडात जन्मलेली, लहानपणापासून क्लासिकल चेलो शिकलेली, पण स्टेजची जबर भीती. त्या भीतीतून सुटायला इम्प्रोव्हाइज करायला लागले असं तिनेच मुलाखतींत सांगितलंय. दिवसा सॉफ्टवेअरमधली नोकरी आणि उरलेल्या वेळात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वेअरहाऊसमध्ये वाजवणं. वाजवता वाजवता जे सापडतं त्यातून रचना पक्की करत जायची. २०१०ला 'इनटू द ट्रीज' अल्बम कुठल्याही म्युझिक कंपनीशिवाय स्वतःच काढला आणि तो बिलबोर्डच्या क्लासिकल चार्टवर गेला. आता ती व्हरमाँटला असते, पण आम्ही बे एरियावाले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे, अजून तिला आमचीच समजतो.

पण मला खरं पटलं ते तिच्यामुळे नाही. डाउनटाउन बर्कलीच्या बार्ट स्टेशनवर (बार्ट म्हणजे इथली लोकल) एक माणूस चेलो आणि लूप पेडल घेऊन बसतो. एकदा तो पहिला तुकडा भरत असताना नेमकी वर अनाउन्समेंट झाली, रिचमंडची गाडी दोन मिनिटांत. त्याचा माइक उघडाच होता, त्यामुळे ते बाईंचं "रिचमंड" लुपात अडकलं. दर आठ मात्रांनी रिचमंड, रिचमंड. मला वाटलं आता हा सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करणार. तर पठ्ठ्याने त्या शब्दाचा चढ-उतार पकडला आणि चेलोवर तोच सूर धरून त्याच्याशी सवाल-जवाब सुरू केले. लोक हसले, मग गप्प झाले, माझी गाडी तर गेलीच. याला काका बटणं दाबणं म्हणतात.

आता गंमत ऐका. हे लूप प्रकरण ज्यांनी सुरू केलं त्यांत अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचं नाव फार वर घ्यावं लागतं. १९६३ला पॅरिसमध्ये दोन टेपरेकॉर्डर जोडून, एकावर भरलेलं दुसऱ्यावरून उशिराने परत येईल अशी जुळणी त्याने चेट बेकरच्या ट्रम्पेटसाठी वापरली. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं 'इन सी' वाजलं, त्यात तेच छोटे तुकडे परत परत. आणि हाच माणूस १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या मागे तानपुरा घेऊन बसला. प्राणनाथ कुठल्या घराण्याचे? किराणा! (अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे मिरजेशी थेट संबंध नाही, पण ग्रुपवर मी हे लिहिलं नाही, भांडताना सगळंच सांगायचं नसतं.) आर्थर रसेल नावाचा चेलोवाला होता, चेलो आणि आवाज इकोमध्ये बुडवून १९८६ला अख्खा अल्बम केला त्याने, तोही सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजमध्ये शिकलेला. म्हणजे ज्याला आमचे काका 'तिकडचं' म्हणतात त्याच्या मुळात आपलंच पाणी मुरलंय, आणि ते इथे बे एरियात माहिती आहे. तिकडे मात्र "आमची परंपरा" म्हणायचं आणि परंपरा कुठे कुठे जाऊन आली ते विचारायचं नाही.

आणि मशीनचं म्हणाल तर ग्रुपवरच्या झाडून सगळ्यांच्या मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप आहे. ते काय आहे दुसरं? लूपच की. त्याआधी १९७९ला बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, तो आज क्लासमध्ये गणपतीशेजारी ठेवलेला असतो, त्याला उदबत्ती ओवाळतात. हार्मोनियम परकी म्हणून आकाशवाणीने १९४०ला बंद केली, बंदी उठायला १९७१ उजाडलं, तेही पुरतं नाही. आणि आता हार्मोनियमशिवाय यांचं पान हलत नाही. काकांचं स्वतःचं वाद्य कुठलं विचारा. पेटी!

इतकं सगळं लिहून झाल्यावर काकांचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी जरा शांतपणे लिहिलं की लेहरा (तबल्याच्या सोलोला साथ म्हणून परत परत वाजणारी धून) धरणारा तबलजीकडे बघत असतो, मशीन कोणाकडे बघतं? हे खरंय. सोलोमध्ये तबलजी जरा रेंगाळला तर लेहरेवाला त्याच्यासाठी थांबल्यासारखं करतो. लूप थांबत नाही. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यात एकच गंधार, म्हणजे ग, दहादा येतो तेव्हा तो दहा वेगळ्या वाटांनी येतो, लुपातला गंधार दहाही वेळा तोच, वर थरावर थर चढवले की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्याच्याखाली चिरडते. चेलोवर हे लोक राग फारसे वाजवत नाहीत ते शहाणपणच आहे. त्यांचं संगीत उभं वाढतं, आपलं आडवं. बर्कलीच्या त्या माणसाने यमन वाजवला असता तर मी गाडी चुकवली नसती.

पण मला लागलं ते साधनेवरून नाही, त्या 'तिकडचे'वरून. कारण इथे मी सगळीकडे मिरजेचं नाव लावून मिरवते. मंडळाच्या कार्यक्रमात, ऑफिसात, मुलांच्या शाळेत, "आय ॲम फ्रॉम द टाउन व्हेअर दे मेक तानपुराज" हे माझं ठरलेलं वाक्य आहे आणि त्याने लोक लगेच आदराने बघायला लागतात. प्रत्यक्षात सतारमेकरांच्या गल्लीत मी पहिल्यांदा गेले ती ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याला तानपुरा हवा होता म्हणून. तिथल्या चाचांनी घोडीवर दोरा सरकवून जवारी (तारेचा तो घुमणारा झंकार) काढून दाखवली, एकदम आवाज उघडला, आणि मला विचारलं, "आप कहाँ से?" गावातल्याच माणसाने. मी मराठीत म्हणाले मिरजेचीच, तर त्यांनी चपलांकडे, पाठीवरच्या सॅककडे बघितलं आणि "अच्छा" म्हणाले. काकांनी तिकडचे म्हटलं तेव्हा मला ते अच्छा आठवलं, म्हणून एवढी चिडले.

गाणं मी दहावीनंतर सोडलं. अमेरिकेमुळे नाही, मिरजेत असतानाच, सीईटीच्या क्लाससाठी. तरी इथे कोणी पेडल घेऊन बसलं की मी हिरिरीने त्याची बाजू घेते, नवं पाहिजे, गाणं म्हणजे संग्रहालय नव्हे वगैरे. आणि उद्या कोणी लूप पेडल घेऊन दर्ग्यातल्या त्या उरुसात बसलं तर? मला नाही चालणार. तिथे मला सतरंजी, दोन तानपुरे, करकरणारा माइक आणि पहाटेची भैरवी, सगळं जसंच्या तसं पाहिजे, वर्षातून एकदाही मी तिथे नसले तरी.