जळालं ते सरकारी दप्तर, जमीनदाराची वही नव्हे

इतिहासाच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागलाय. सार असं: '१९२२ साली डब्लिनमध्ये एका स्फोटात आयर्लंडची सगळी कागदपत्रं जळाली. जनगणनाही त्यातच गेली. उरलंसुरलं जमीनदारांच्या वाड्यांबरोबर राख झालं. वाचल्या त्या फक्त त्या घराण्यांच्या वंशावळी आणि बडेजाव, त्यात गरिबाचं नावही नाही. म्हणून बटाट्याच्या दुष्काळात जमीनदारांनी आपल्या कुळांचं काय केलं, हे आता कधीच कळणार नाही.'

(बटाट्याचा दुष्काळ म्हणजे १८४५पासून बटाट्याचं पीक कुजून आयर्लंडमध्ये पडलेला मोठा दुष्काळ.) वाचून हळहळ वाटते आणि बोट आपोआप फॉरवर्डवर जातं. पण यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं, मधली पाव-पाव खरी आणि शेवटचं साफ खोटं आहे.

'सगळी कागदपत्रं जळाली.' काय जळालं ते आधी नीट पाहू. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात सरकारी दफ्तरखाना होता, १८६७च्या कायद्याने उभा राहिलेला. एप्रिल १९२२मध्ये ब्रिटनशी झालेल्या तहाला विरोध करणाऱ्या आयरिश सैनिकांनी ते आवार ताब्यात घेतलं. २८ जूनला नव्या आयरिश सरकारने ब्रिटिशांकडून उसन्या आणलेल्या तोफा लावल्या आणि ३० जूनला मोठा स्फोट होऊन दफ्तरखान्याने पेट घेतला. अर्धवट जळालेले कागद उडत उडत पार हाउथच्या टेकडीपर्यंत गेले. न्यायालयांची दप्तरं, मृत्युपत्रं, जुने सरकारी हुकूम, प्रोटेस्टंट चर्चच्या जन्म-मृत्यूच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या, असा सातशे वर्षांचा ऐवज एका दुपारी गेला. ही हानी कुणी कमी लेखू नये.

पण तिथे होतं ते सरकारी दप्तर. एखाद्या उमरावाची खंडाची वही, कारभाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, शेतांचे नकाशे, कुळांचे अर्ज, हे सरकारी नव्हतंच. ते वाड्यातल्या दप्तराच्या खोलीत, इस्टेटीच्या कचेरीत किंवा वकिलाच्या कपाटात पडून होतं. डब्लिनच्या आगीत ते जळायला आधी तिथे असायला तर हवं! आपल्याकडे पेशवे दफ्तराला उद्या काही झालं तर पुण्यातले रुमाल जातील, कोकणातल्या खोताच्या माळ्यावरचं बाड जाणार नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

कॅथलिक चर्चच्या नोंदवह्याही तिथे नव्हत्या. १७०८पासूनचे जमिनीचे दस्त ज्या कचेरीत नोंदले जात, तीही वेगळ्या इमारतीत, हेन्रिएटा स्ट्रीटवर. ती आजही शाबूत आहे. १८४७ ते १८६४ या काळात जमीनमहसुलाच्या मूल्यांकनासाठी देशभर केलेली घरांची आणि शेतांची पाहणी छापून निघाली होती, त्यामुळे तिच्या प्रती ठिकठिकाणी उरल्या. आणि खुद्द फोर कोर्ट्समध्येही वाचनकक्ष मूळ दफ्तरखान्यापासून आगप्रतिबंधक अंतर राखून बांधलेला होता. त्या दिवशी तिथल्या कपाटात जे होतं ते वाचलं.

'जनगणनाही त्यातच गेली.' हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण यात खरा गुन्हेगार सुटतो. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१च्या जनगणनेचे कागद १९२२मध्ये जळाले, हे खरं. पण १८६१ आणि १८७१चे घरोघरचे अर्ज मोजणी आटोपल्यावर सरकारनेच नष्ट करवले होते. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी गेले. म्हणजे चार जनगणना आगीने खाल्ल्या आणि चार साहेबांच्या सहीने गेल्या. त्या चारांचा दोष आगीवर ढकलणं सोयीचं असेल, पण खोटं आहे. १९०१ आणि १९११ पूर्ण उपलब्ध आहेत.

'उरलंसुरलं वाड्यांबरोबर जळालं.' १९१९ ते १९२३ या काळात जमीनदारांचे पावणेतीनशेच्या आसपास वाडे जाळले गेले, हे इतिहासकारांनी मोजून सांगितलंय. त्यांत काही दप्तरं नक्कीच गेली. पण एकूण वाडे हजारांनी होते, आणि घर जाळायला आलेल्या माणसांचं लक्ष छपरावर असे, हिशेबाच्या वह्यांवर नसे. (आपल्या सुप्याच्या कुणब्यांचं उलट होतं. मे १८७५मध्ये त्यांनी सावकारांची कर्जखतं वेचून जाळली, कारण आपला गळा कोणत्या कागदात अडकलाय ते त्यांना ठाऊक होतं.) शिवाय तोवर १९०३च्या कायद्यानुसार बहुतेक इस्टेटी कुळांना विकल्या जात होत्या, आणि त्यासाठी मालकीहक्काचे दस्त व नकाशे लँड कमिशनकडे, म्हणजे ही विक्री पाहणाऱ्या सरकारी खात्याकडे, पोचलेले होते.

घराण्यांचे कागद कुठे कुठे गेले याची यादी केली तर हा लेख संपणार नाही, म्हणून एकदोनच. किलकेनीच्या बटलर घराण्याची, म्हणजे ऑर्मंडच्या सरदारांची, बाराव्या शतकापासूनची कागदपत्रं डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांतली सतराव्या शतकातली बरीच पत्रं थॉमस कार्ट नावाच्या चरित्रकाराने अठराव्या शतकात किलकेनीहून नेली. ती परत गेलीच नाहीत. आज ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. कागद परत न करणाऱ्या माणसामुळे कागद वाचले, अशी ही गंमत. विल्यम पेटीने १६५०च्या दशकात केलेल्या जमीनमोजणीच्या नकाशांचीही तीच तऱ्हा. सरकारी संच १७११च्या आगीत पोळला, उरलेला १९२२मध्ये गेला. पण पेटीच्या संग्रहातल्या नकाशांची जी प्रत १७०७मध्ये जहाजातून जाताना फ्रेंचांनी लुटली, ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सुखरूप आहे. हाच पेटी लॅन्सडाउन घराण्याचा पूर्वज, आणि त्याच घराण्यातला, आयर्लंडच्या केरी परगण्यात मोठी जमीन असलेला एक वंशज १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता.

उत्तर आयर्लंडमध्ये तर आगीनंतर उलटच घडलं. बेलफास्टला १९२४मध्ये नवा दफ्तरखाना उघडला. त्याचा पहिला प्रमुख डी. ए. चार्ट हा डब्लिनच्या जळालेल्या दफ्तरखान्यातूनच आलेला. सरकारी कागद गेले, मग घराणी आणि वकील यांच्या दारात जाऊन खासगी दप्तरं मागायला सुरुवात झाली. जमीनदारी कागदांचा मोठा साठा आज तिथे आहे, तो या आगीमुळे आहे.

आता मुख्य मुद्दा. 'वाचलं ते जमीनदारांच्याच बाजूचं, त्यात गरिबाचं नाव नाही.'

ज्याने जमीनदाराची खंडवही कधी उघडून पाहिली नाही, तोच असं म्हणू शकतो. खंडवही हा बडेजावाचा कागद नसतो, वसुलीचा असतो. एका ओळीत कुळाचं नाव, गाव, एकर, सहामाही खंड, मागची बाकी, जमा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. आयर्लंडमध्ये खंडाचे दोन दिवस ठरलेले असत, १ मे आणि १ नोव्हेंबर. नव्या कुळाकडून पहिली सहामाही लगेच घेत नसत. ती मागे लोंबकळत राही आणि पुढच्या सहामाहीला भरली जाई. वरवर सवलत, पण अर्थ असा की प्रत्येक कुळ पहिल्या दिवसापासून बाकीदार. मालकाच्या मनात आलं की हुसकायला कारण तयार. हे सगळं रकान्यांत दिसतं. कुळाने स्वतः काही लिहून ठेवलं नसेल, पण त्याच्या घरातून काय काय निघून गेलं ते मालकाच्या कारकुनाने पैशापैशाने लिहून ठेवलंय. मालकाविरुद्ध याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. बाजू कुणाची का असेना, वसुलीत नाव गाळून चालत नाही.

रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउनचं उदाहरण घ्या. सतराव्या शतकापासून ती जमीन माहोन घराण्याची. १८४५मध्ये या घराण्यातला तिसरा लॉर्ड हार्टलँड वारला. त्याची मानसिक स्थिती बरी नव्हती, कारभार ढिला पडला होता, बाकी तुंबली होती. वारस मेजर डेनिस माहोन. त्याने जॉन रॉस माहोन हा कारभारी नेमला आणि त्याने हिशेब मांडला: इतक्या लोकांना इथल्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे राबवून पोटाला घालणाऱ्या गरीबखान्यात, जमीनदारांच्या करातून पोसण्यापेक्षा जहाजाचं भाडं भरून कॅनडाला पाठवणं स्वस्त. १८४७च्या वसंतात या इस्टेटीतून १,४९० जणांना रवाना केलं. कालव्याच्या काठाने ते सुमारे १६५ किलोमीटर चालत डब्लिनला गेले. मधूनच कुणी परत फिरू नये म्हणून मालकाचा शिपाई बरोबर. डब्लिनहून लिव्हरपूल, तिथून क्वेबेक. त्यांतलं एक जहाज 'व्हर्जिनियस'. प्रवासी ४७६, वाटेतच मेले १५८. बाकीचे ग्रोस आइल या विलगीकरणाच्या बेटावर उतरले तेव्हा त्यांतल्या कित्येकांना उभं राहता येत नव्हतं.

२ नोव्हेंबर १८४७ला संध्याकाळी एका बैठकीहून परतणाऱ्या मेजर माहोनला रस्त्यात गोळ्या घातल्या. पुढे दोघांना फाशी झाली. आणखी हजारोंना जमिनीवरून काढलं गेलं. स्थानिक बिशपने १८४८मध्ये हाकललेल्यांची यादीच वर्तमानपत्रात छापली. आकडा तीन हजारांवर. म्हणजे मालकाच्या वहीसमोर ठेवायला विरुद्ध बाजूचा कागदही आहे.

हे सगळं कळलं कसं? १९७९मध्ये गावातल्याच एका गॅरेजवाल्याला धंदा वाढवायला थोडी जागा हवी होती. अखेर त्याने माहोन घराण्याकडून अख्खी इस्टेटच घेतली. कचेरी आवरताना दप्तरं हाती लागली. पन्नास हजारांहून अधिक कागद. घरातल्या माणसांनी ते फेकलेही नव्हते आणि कुणाला दाखवलेही नव्हते.

त्यांतला एक कागद क्लूनाही नावाच्या गावच्या कुळांचा अर्ज आहे, ऑगस्ट १८४६चा. 'सद्गृहस्थहो' अशी सुरुवात. मतलब असा: पोरंबाळं आमच्या डोळ्यांसमोर तळमळतात, त्यांचं रडणं आता ऐकवत नाही, बटाटे कुजले, धान्य नाही. मग एक ओळ येते: आम्ही कायद्याविरुद्ध किंवा देवाच्या आज्ञेविरुद्ध कशात पडणारे नाही, भुकेने भाग पाडलं तर गोष्ट वेगळी. इतकी नम्र धमकी मी दुसरी वाचलेली नाही. हा अर्ज मालकाच्या घराण्याने जपला म्हणून आपल्याला वाचता येतो. तो वाचून पुढच्या वर्षी १,४९० जणांना जहाजात बसवलं, हेही त्याच दप्तरात लिहून ठेवलंय. गॅरेजवाल्याने १९९४मध्ये त्या घराच्या तबेल्यांत दुष्काळाचं संग्रहालय उघडलं ते याच कागदांच्या जोरावर.

'दुष्काळात काय केलं ते कधीच कळणार नाही' म्हणणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. १८४९मध्ये कर्जबाजारी जमीनदारांच्या इस्टेटी विकायला खास न्यायालय नेमलं. लिलावाआधी प्रत्येक इस्टेटीची जाहिरात-पुस्तिका छापत, त्यात नकाशा आणि गिऱ्हाइकाला दाखवायला प्रत्येक कुळाचं नाव व खंड. छापील असल्यामुळे प्रती अनेक ग्रंथालयांत आहेत. जळालेल्या सरकारी कागदांपैकी ज्यांच्या नकला लंडनला किंवा इतरत्र होत्या, त्या जुळवून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या गटाने २०२२मध्ये ऑनलाइन दफ्तरखाना उभा केलाय. काय हरवलं हेही नेमकं ठाऊक आहे, कारण जुन्या दफ्तरखान्याचा अधिकारी हर्बर्ट वुड याने १९१९मध्येच तिथल्या संग्रहाची मार्गदर्शिका छापली होती. तीन वर्षांनी ती मृतांची यादी ठरली.

आता जे खरंच नाही ते सांगतो, कारण मजकूर लिहिणाऱ्याने नेमकं तेच सांगितलेलं नाही. खंडवहीत नाव येतं ते मालकाला थेट खंड देणाऱ्याचं. बऱ्याच इस्टेटींत मालक आणि कसणारा यांच्यामध्ये मध्यस्थ असे. तो शंभर एकर घेई आणि तुकडे पाडून देई. त्याच्या खालचा माणूस वहीत सहसा दिसत नाही. त्याच्याही खाली एका हंगामापुरती बटाट्याची पट्टी घेणारा मजूर, ज्याचं सगळं पीक म्हणजे ती पट्टी. मालकाच्या दप्तरात त्याला रकानाच नव्हता. दुष्काळात सर्वांत आधी मेला तो हाच, आणि त्याचं नाव १९२२च्या आगीत जळालं नाही, वाड्यांच्या आगींतही नाही. जमीनदाराच्या कारकुनाने ते कधी लिहूनच घेतलं नव्हतं.