१८३ दिवसांच्या फॉरवर्डमधला घोळ

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. मजकूर साधारण असा: कॉन्ट्रॅक्टर म्हणून परदेशात काम करायचंय ना, मग १८३ दिवसांच्या आत बाहेर पडा, तिथे टॅक्स लागत नाही. पैसे आपल्या देशातल्या बँकेत घ्या, म्हणजे तिथल्या सरकारचा संबंधच येत नाही. वर्क परमिटची भानगड नको, टुरिस्ट व्हिसा पुरतो. आणि सतत देश बदलत राहिलात तर कुठेच टॅक्स नाही. वाचायला भारी आहे, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

आधी ते १८३. आकडा हवेतून आलेला नाही, पण तो जिथून आलाय ते कोणी उघडून बघत नाही. देशादेशांमधले बरेचसे टॅक्स करार ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या मॉडेलवर बेतलेले असतात, त्याच्या १५व्या कलमात हा आकडा आहे, आणि ते कलम पगारदार लोकांसाठी आहे, कॉन्ट्रॅक्टरसाठी नाहीच! शिवाय तिथे तीन अटी एकदम पाळाव्या लागतात: मुक्काम १८३ दिवसांच्या वर नको, पगार देणारी कंपनी त्या देशातली नको, आणि पगाराचा खर्च कंपनीच्या तिथल्या शाखेच्या खात्यावर पडायला नको. फॉरवर्डवाल्याने पहिली अट उचलली, बाकीच्या दोन गिळल्या. कॉन्ट्रॅक्टरसाठी वेगळं १४वं कलम होतं ते ओईसीडीने २००० साली काढून टाकलं, आता ते उत्पन्न धंद्याचा नफा म्हणून बघतात आणि प्रश्न असा येतो की त्या देशात तुमची कामाची ठरलेली कायम जागा आहे का. जुन्या बऱ्याच करारांत मात्र वेगळं कलम अजून आहे, आणि भारत-अमेरिका करारात त्यातली दिवसांची मर्यादा ९० आहे, १८३ नाही.

हे झालं कराराचं. रेसिडेंट, म्हणजे टॅक्सपुरता त्या देशाचा रहिवासी, कोणाला म्हणायचं हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो. स्वित्झर्लंडमध्ये काम करत ३० दिवस राहिलात की पुरे. ब्रिटनमध्ये आधी रेसिडेंट असाल आणि घर, कुटुंब, काम असे चार धागे तिथे शिल्लक असतील तर वर्षात १६ दिवससुद्धा भरतात. अमेरिकेचं गणित तर बघण्यासारखं आहे: यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याच्या आधीच्या वर्षीचे एक षष्ठांश, बेरीज १८३ झाली की तुम्ही टॅक्सपुरते रेसिडेंट. म्हणजे दरवर्षी फक्त १२२ दिवस राहणारा माणूस १२२ अधिक ४० पूर्णांक दोन तृतीयांश अधिक २० पूर्णांक एक तृतीयांश करून बरोबर १८३ वर येऊन बसतो, आणि मेसेज त्याला सांगतोय की अजून दोन महिने आहेत हातात. (सुटायची वाट आहे, पण ती वेगळा फॉर्म भरूनच.)

पैसे कुठल्या बँकेत आले हा मुद्दा बहुतेक वेळा गैरलागूच असतो. काम करताना तुम्ही बसला कुठे होतात, हे बघतात. याचा फायदाही होतो बरं का: क्लायंट अमेरिकेतला असला आणि तुम्ही अमेरिकेबाहेर बसून काम केलंत तर ते उत्पन्न अमेरिकेतलं धरत नाहीत, त्यासाठीच तर क्लायंट डब्ल्यू-८बेन, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असं लिहून द्यायचा फॉर्म, भरून घेतो. पण तेच काम तिथे जाऊन केलंत तर ते तिथलं उत्पन्न झालं, पैसे कुठेही जमा होवोत. छोट्या मुक्कामासाठी एक सूट आहे, पण तिची मर्यादा ३,००० डॉलर आणि ९० दिवस, तीही काम अमेरिकेबाहेरच्या पार्टीसाठी असेल तरच.

टुरिस्ट व्हिसाचा सल्ला सगळ्यात घातक. शेंगेनचे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले, १८० दिवसांतले ९० दिवस ही राहण्याची परवानगी आहे, कामाची नाही. अमेरिकेच्या बी-१ या बिझनेस व्हिजिटर व्हिसावर मीटिंग, कॉन्फरन्स, कराराची बोलणी चालतात, क्लायंटच्या ऑफिसात बसून कोड लिहिणं चालत नाही. विमानतळावर ऑफिसरने विचारलं की कशासाठी आलात, आणि तुम्ही 'फिरायला' म्हणालात आणि बॅगेत तीन महिन्यांचं वर्क ऑर्डर निघालं, तर मग कामापेक्षा खोटं बोलणंच महागात पडतं. काही देशांनी दार किलकिलं केलंय हे खरं. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून व्हिजिटरला आपलं बाहेरचं काम रिमोट करायला मोकळीक दिली, पण येण्याचं मुख्य कारण ते नको. न्यूझीलंडनेही जानेवारी २०२५ मध्ये तसंच केलं. एस्टोनियाचा डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे तिथे राहून बाहेरचं काम रिमोट करायचा व्हिसा, २०२० पासून आहे. पण परमिट मिळालं म्हणजे टॅक्स माफ झाला असं नाही, आणि टॅक्स भरला म्हणून बेकायदा काम कायदेशीर होत नाही. दोन सरकारी खाती वेगळी, दोघांचे हिशोब वेगळे.

देश बदलत राहा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की जुना देश असा सहज सोडत नाही. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही असो, रिटर्न तिकडे लागतोच. भारतीय नागरिकाचं परदेशी उत्पन्न सोडून उरलेलं १५ लाखांच्या वर असेल आणि रहिवासी म्हणून त्याला कुठल्याच देशाचा टॅक्स लागत नसेल, तर २०२०-२१ पासून भारत त्याला रेसिडेंट धरतो. आणि २०१७ पासून बँक खात्यांची माहिती देशादेशांत आपोआप जातेय, शंभराच्या वर देश त्यात आहेत.

मेसेजमध्ये सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे पेन्शन-आजारपणासाठी भरायच्या सक्तीच्या वर्गणीचा, तर उल्लेखच नाही. युरोपियन युनियनमध्ये स्वतःच्या देशातून दुसऱ्या देशात थोड्या काळासाठी कामाला जाणाऱ्याने, स्वतःचा धंदा असला तरी, निघण्याआधी ए-१ सर्टिफिकेट, म्हणजे वर्गणी आपल्याच देशात भरतोय याचा दाखला, काढायचं असतं, साधारण २४ महिन्यांपर्यंत चालतं. ते नसेल तर वर्गणी तिथलीही मागू शकतात, टॅक्स एक पैसा लागत नसला तरी.