फुटपट्टी घ्या आणि रोलर कोस्टरचे तज्ज्ञ व्हा

नवे रोलर कोस्टर उभे राहणार असल्याची बातमी फुटते, पाठोपाठ बांधकाम परवानगीसाठी सादर केलेले आराखडे सर्वांना पाहायला मिळतात आणि आपल्यासारख्या रसिकांचा सुगीचा हंगाम सुरू होतो. या हंगामात नुसते ‘छान दिसते आहे’ म्हणणारा माणूस अडाणी ठरतो, हा अनुभव मी गेल्या रविवारी बांधकामाच्या कुंपणाबाहेर उभा राहून पुरेपूर घेतला. आपल्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे चार शब्द.

सर्वप्रथम, आराखड्याचा उजवीकडचा खालचा कोपरा कधीही वाचू नये. तिथे तारीख, सुधारित आवृत्तीचे अक्षर, प्रमाण आणि मूळ कागदाचा आकार असल्या क्षुल्लक गोष्टी लिहिलेल्या असतात, आणि त्या वाचल्या की निम्मे वाद जागच्या जागी मिटतात. वाद मिटल्यावर दिवसभर करायचे काय?

मग आराखडा घरच्या प्रिंटरवर छापून घ्यावा आणि त्यावर फुटपट्टी ठेवावी. रविवारी आमच्यातल्या एका जाणकारांनी हेच केले होते. घड्या पडून मऊ झालेला कागद त्यांनी कुंपणाच्या जाळीवर दाबून धरला, पहिल्या चढाच्या शेंड्यावरची लाल पेनची फुली सर्वांना दाखवली आणि जाहीर केले की ज्या चढाची ६० मीटर म्हणून जाहिरात चालली आहे तो भरतो जेमतेम ३० मीटर, म्हणजे ही उघडउघड फसवणूक आहे. मी कागद पाहिला. कोपऱ्यात ‘प्रमाण १:५००, ए-१’ (म्हणजे ए-१ आकाराच्या कागदावरचा एक सेंटीमीटर हा प्रत्यक्षातले पाच मीटर) असे स्वच्छ छापलेले होते आणि जाळीवरचा कागद होता त्याहून लहान, ए-३. ए-१ आकाराचे रेखाचित्र ए-३ कागदावर बसवले की त्यातली प्रत्येक लांबी निम्मी होते. १२ सेंटीमीटरचा चढ ६ सेंटीमीटरचा दिसतो आणि १:५०० चे प्रमाण १:१००० होऊन बसते. हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, ‘आपण इंजिनिअर आहात का?’ मी नाही. तेही नाहीत. पण प्रश्न त्यांनी आधी विचारला, त्यामुळे हरलो मी! पुढच्या दहा मिनिटांत हा शोध त्यांनी आणखी चौघांना समजावला, चौघांनी फोनवरून उरलेल्यांना कळवला आणि मला ‘पार्कवाल्यांचा माणूस’ ही पदवी मिळाली. वास्तविक त्याच कागदाच्या तळाशी शून्य ते ५० मीटर अशी मोजपट्टी काढलेली होती. ती कागदाबरोबरच लहान होते, म्हणून तिच्यावरून घेतलेले माप कोणत्याही आकाराच्या कागदावर बरोबर येते. तिच्यावर नेमका त्यांचा अंगठा होता.

आराखड्यात लिहिलेल्या पातळ्या पुष्कळदा समुद्रसपाटीपासून मोजलेल्या असतात, हेही ध्यानात घेऊ नये. मग टेकडीवरचे लहान मुलांचे कोस्टरसुद्धा जागतिक विक्रम मोडते.

उंची आणि ड्रॉप (गाडी वरून खाली जेवढी कोसळते ते अंतर) या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे ठासून सांगावे. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन उद्यानात बांधकामाने झाडांच्या शेंड्यांवर डोके काढायचे नाही, असे बंधन आहे; म्हणून १९९४ मध्ये ‘नेमेसिस’ या कोस्टरसाठी खडक फोडून खड्डे करण्यात आले, आणि १९९८ च्या ‘ऑब्लिव्हियन’ची उंची सुमारे २० मीटर असताना त्याचा ड्रॉप मात्र सुमारे ५५ मीटरचा आहे, कारण गाडी थेट जमिनीखालच्या बोगद्यात शिरते. असली उदाहरणे कोणी काढलीच तर विषय बदलावा.

जमिनीत खड्डा दिसला की लूप (गाडीला उलटे फिरवणारा रुळाचा वेढा) जाहीर करावा. तो गटाराचा निघाल्यास गप्प राहावे.

परवानगीचा आराखडा आणि कारखान्यात रूळ घडवण्याचा आराखडा यांत काडीचाही फरक मानू नये. परवानगी देणाऱ्यांना हवे असते ते एवढेच की बांधकाम किती लांबून दिसेल, आवाज कुठवर जाईल आणि किती झाडे पडतील. रूळ कुठे किती अंशांनी कलला आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. अमेरिकेत २०० फुटांपेक्षा उंच बांधकामाची सूचना विमान वाहतूक प्रशासनाला द्यावी लागते, पण त्यातला आकडा सर्वांत उंच टोकाचा असतो आणि ते टोक रुळाचेच असेल असे नाही. शिवाय आजचे कोस्टर पिळ घेते ते बसणाऱ्याच्या छातीजवळून जाणाऱ्या काल्पनिक रेषेभोवती, त्यामुळे रूळ स्वतः त्या रेषेच्या बाजूला झुलतो. कागदावरच्या एकेरी रेषेशी तो जुळला नाही की ‘बांधणारे चुकले’ म्हणून मोकळे होणारे महाभाग मी पाहिले आहेत. वर्षानुवर्षे हिशेब करून रूळ घडवणारे चुकले, आणि हे घडी घातलेला कागद घेऊन आलेले बरोबर!

एवढ्यावरच थांबलो असतो, पण रविवारची एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. आमच्या मागे एक शाळकरी मुलगा उभा होता. त्याने वाकून त्या अंगठ्याखाली डोकावून पाहिले, बोटांनी माप घेतले आणि हळूच म्हणाला, ‘काका, हे ६०च येते.’ त्याला ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस’ म्हणून गप्प करण्यात आले. त्याच क्षणी पलीकडे क्रेनने चढाच्या शेंड्याचा तुकडा उचलला. वर दोरांना बांधलेले दोन कामगार त्याची वाट पाहत होते. तुकडा हलकेच फिरला, टेकला आणि भोकांना भोके जुळली. महिनोन्‌महिने ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांदेखत घडत होते, आणि त्या मुलाखेरीज कोणीही मान वर केली नाही, कारण सगळे कागदावर भांडत होते.

तेव्हा उपरोध पुरे. आपल्याला प्रमाण वाचता येत नाही, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मलाही ते कोणीतरी शिकवलेच होते. लाज वाटायला हवी ती चूक कळल्यावरही आवाज चढवण्याची, न पाहिलेल्या माणसांना फसवे ठरवण्याची आणि बरोबर उत्तर देणाऱ्या पोराला दटावण्याची. येत्या रविवारी मी पुन्हा तिथे असणार आहे. आपणही या, कागदही आणा. फक्त त्या मुलाला पुढे उभे करा आणि अंगठा बाजूला घ्या.