नानांचं डोकं आणि गच्चीवरचा टॉवर

गेल्या महिन्यापर्यंत मला फोनवर बोलायचं असेल तर बाथरूममध्ये जावं लागे. वरची झडप उघडायची, बादली पालथी घालून तिच्यावर चढायचं आणि फोन उजव्या कानाला लावून नवघर रोडच्या दिशेला तोंड करायचं, की रेंजच्या दोन दांड्या यायच्या. डाव्या कानाला एकच. साहेबांचा फोन नेमका सकाळी सव्वाआठला येतो आणि वरच्या मजल्यावर त्याच वेळी तीन अंघोळी एकामागोमाग होतात. त्यांचं सगळं पाणी आमच्या झडपेशेजारच्या पाइपातून खाली येतं. जुलैत एकदा पोट बिघडलं म्हणून रजा टाकली होती, तर साहेब म्हणाले, "पोट बिघडलंय ना? मग धबधब्यावर काय करताय?"

हे संकट आभाळातून पडलेलं नव्हतं. ते आम्ही रीतसर ठराव करून, सूचक-अनुमोदकांसह, टाळ्यांच्या गजरात ओढवून घेतलं होतं.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट आहे (म्हणजे दिसते). गच्चीवर गेली कित्येक वर्षं मोबाइलचा टॉवर होता. त्याच्या भाड्यावर आमची रंगरंगोटी व्हायची, वॉचमनचा पगार निघायचा आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात काजू पडायचे. आई त्याच्याच सावलीत कुरडया वाळत घालायची. टॉवरबद्दल कुणाचीही कसलीही तक्रार नव्हती. मग दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं आली आणि त्यावर ५जीचे नवे डबे बसवून गेली. त्याच रात्रीपासून तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचं डोकं दुखायला लागलं.

नाना म्हणजे निवृत्त, सत्तर पार, रक्तदाब, चष्मा आणि पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. डोकं दुखण्याला यातलं काहीही पुरेसं होतं, पण नानांनी बोट दाखवलं ते थेट वर. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची झोप उडाली, सेक्रेटरींच्या कानात शिट्टी वाजू लागली आणि तळमजल्यावरच्या मुलाला दहावीत एकोणसाठ टक्के पडले. सगळं टॉवरच्या खात्यावर जमा झालं.

मी सहज वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, ते नवे डबे अजून चालूच कुठे झालेत? केबल यायचीय. तीन आठवडे नुसतेच लटकलेत." मी धावत नानांकडे गेलो. म्हटलं आता यांची डोकेदुखी एका वाक्यात बरी करतो. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे न जोडता एवढं दुखतंय! जोडल्यावर काय होईल, विचार कर."

खरं तर हा विचार नानांच्या आधी बऱ्याच शास्त्रज्ञांनी करून ठेवलाय. असे त्रास होणाऱ्या माणसांना खोलीत बसवून, त्यांना न सांगता लहरी कधी चालू, कधी बंद, असे प्रयोग झालेत. लहरी चालू आहेत की बंद, हे त्यांना ओळखता आलं नाही. डोकं मात्र खरंच दुखत होतं. ही दुसरी गोष्ट मी नानांना सांगायला हवी होती, पण मी पहिलीच सांगून आलो आणि नाना माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

मग विशेष सर्वसाधारण सभा भरली. आमच्याकडे वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून ती अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घ्यावी लागते. या सभेला खुर्च्या कमी पडल्या. कुणीतरी म्हणालं, चिमण्या गेल्या त्या टॉवरमुळे. यावर सगळ्यांनी चुकचुक केली. त्या वेळी टॉवरच्या डब्यावर कबुतरांची तिसरी पिढी अंडी उबवत होती आणि तिची शिट आमच्या कुरडयांवर पडत होती. त्याच लहरी चिमण्यांना हाकलतात आणि कबुतरांना मानवतात, हे कसं, असं मी विचारणार होतो. पण कबुतरांना दाणे घालणारे दोघे समोरच बसले होते. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांचा आजार होतो हे डॉक्टर कंठशोष करून सांगतात, पण त्यावर आजवर आमच्याकडे एकदाही विशेष सभा भरलेली नाही.

नानांनी जुही चावलांचा दाखला दिला. २०२१ मध्ये त्या ५जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. मी म्हटलं, "नाना, ती याचिका फेटाळली हो. वर वीस लाख भरायला सांगितले कोर्टाने." नाना म्हणाले, "पुढच्याच वर्षी त्याचे दोन लाख केले. अठरा लाखांची सूट काय उगाच मिळते?"

मग सेक्रेटरींच्या मुलाने स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबायला सांगितलं. ते दाबलं की फोनचा 'सार' (एसएआर) दिसतो, म्हणजे फोनची किती ऊर्जा शरीर शोषून घेतं त्याचा आकडा. आपल्याकडे किलोमागे १.६ वॉट ही कमाल मर्यादा आहे. झालं! सभा राहिली बाजूला आणि रक्तातली साखर विचारावी तसे सगळे एकमेकांना विचारू लागले, "तुमचा किती?" "माझा शून्य दशांश नऊ." "अय्या, आमच्या ह्यांचा एक दशांश दोन!" ह्यांनी अपराधी चेहऱ्याने फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो आकडा फोन प्रयोगशाळेत पूर्ण जोर लावत असतानाचा असतो, रोजच्या वापरात तो बहुतेक वेळा त्याहून बराच खाली राहतो, हे सांगायला मी उभा राहिलो तोवर माझाच एक दशांश चार निघाला आणि माझं म्हणणं पक्षपाती ठरलं.

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला. सरकारचं 'तरंग संचार' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे चार हजार रुपये भरले की माणसं येऊन टॉवरच्या लहरी मोजून देतात. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे, ती पाळली जाते की नाही ते तरी कळेल. "चार हजार?" खजिनदार किंचाळले. "नुसतं मोजायला?" आणि वर्षाला काही लाखांचं भाडं देणारा टॉवर काढून टाकायचा ठराव मतदानाला आला.

मीही हात वर केला. पार्किंगच्या चिठ्ठ्या नाना काढतात.

टॉवर उतरवायला आलेला मुलगा जालन्याचा होता. आईने त्याला चहा दिला तसा तो मोकळा झाला. "काका, काढता कशाला? हे डबे समोर मारतात, खाली नाही. बॅटरीचा झोत असतो ना, तसा. ज्याच्या हातात बॅटरी, त्याच्या पायाशी काळोखच."

"दिव्याखाली अंधार," आई म्हणाली.

"तेच! तुमच्या बिल्डिंगला सगळ्यात कमी लागत होतं. आता तुमच्या फोनला लांबचा टॉवर धरावा लागणार. मग तो जोर लावणार."

म्हणजे कसं, तर शेजारच्या माणसाशी आपण कुजबुजतो आणि पलीकडच्या फलाटावरच्या माणसाला हाका मारतो. फोनचंही तसंच. टॉवर जवळ असला तर तो दबक्या आवाजात काम भागवतो, लांब गेला की गळा काढतो. आणि हा गळा गच्चीवर नसतो, आपल्या कानाला चिकटलेला असतो. लहरींची ताकद अंतराच्या वर्गाने घटत जाते, म्हणून पन्नास फुटांवरच्या अजस्र टॉवरपेक्षा कानाशी धरलेलं चिमुकलं यंत्र आपल्याला जास्त ऊर्जा देतं. हे सगळं मला चहाचा कप विसळता विसळता कळलं, तेव्हा तो मुलगा शेवटचा नट काढत होता.

पुढचे आठ महिने आमच्या सोळा बिऱ्हाडांचे फोन तव्यासारखे तापत होते. सकाळी शंभर टक्के असलेली बॅटरी दुपारी जेवायच्या आत मान टाकायची. काकू जिन्यात बसून मुलीशी बोलायच्या, सेक्रेटरी गेटवर, खजिनदार गाडीत. दारावर कुरिअरवाला 'नॉट रीचेबल आहात' असं म्हणून ओरडायचा, तेव्हा आम्ही सगळे त्याच्यासमोरच कुठेकुठे लटकलेले असायचो. मेंटेनन्स महिना सातशे रुपयांनी वाढला. शिऱ्यात बेदाणे आले.

भीती मात्र टॉवरबरोबर उतरली नाही, ती घरात आली. फोन तापतोय म्हणजे किरणं जास्त, असं आमच्या हिने ताडलं (आणि अंमळ बरोबर ताडलं). मग फोनच्या पाठीवर सोनेरी स्टिकर आलं. शेणाची चिप आली. अशी एक चिप २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी दाखवली होती, त्यामुळे सोसायटीत तिला सरकारमान्य समजतात. चिप चिकटवल्यावर फोनचं कव्हर बसेना, म्हणून कव्हर काढलं, म्हणून फोन पडून फुटला. किरणं शोषायला खिडकीत निवडुंग आणि कोरफड आली. या सगळ्याचे मिळून किती झाले ते मी बेरीज करून पाहिलं. चार हजारांच्या वर गेले तेव्हा थांबलो.

एका रात्री रेंज नव्हती, वायफाय होतं, म्हणून मी हे प्रकरण मुळातून वाचायला बसलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना 'टू-बी' गटात टाकलं. म्हणजे कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा. मी सकाळी हिला यादी वाचून दाखवली, कारण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. कॉफी २०१६ पर्यंत होती. आणि पूर्व आशियातल्या पारंपरिक पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्या, म्हणजे एक प्रकारचं लोणचंच.

"कुणाचं लोणचं?" आतून आईचा आवाज आला.

"चीन-जपानकडचं गं."

"मग ठीक आहे."

कोरफड खिडकीतून उठून जिन्यात गेली.

पुढे २०१० चा तेरा देशांतला एक अभ्यास निघाला. त्यात एकूणात धोका वाढलेला दिसला नाही. सर्वांत बोलघेवड्या गटात आकडा जरा वर सरकला होता, पण लोक आठवून सांगतात त्यावर किती विसंबायचं, असं त्या संशोधकांनीच म्हणून ठेवलंय. २०२४ मध्ये त्याच आरोग्य संघटनेने त्रेसष्ट अभ्यास एकत्र तपासून घेतले, त्यातही मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध सापडला नाही. माझी नजर मात्र त्या बोलघेवड्या गटावर अडली. त्यात बसायला आयुष्यभरात मिळून १६४० तास बोललेलं असावं लागतं. ही नाशिकच्या बहिणीशी रोज तीन तास बोलते. मी हिशेब केला. दीड वर्ष. शास्त्रज्ञांनी ज्याला सर्वांत जास्त म्हटलं, ते या दोघींनी लग्नाच्या एका हंगामात उरकलं असणार. मी हे हिला सांगितलं. हिने ते तत्काळ बहिणीला सांगितलं. पावणेदोन तास.

त्या दिवसापासून मी हिला वायरवाले इअरफोन आणून दिलेत. फोन डोक्यापासून लांब राहतो एवढं त्यातलं शास्त्र, बाकी मला त्यांच्या गप्पांची एकच बाजू ऐकू येते ती पूर्वीसारखीच.

आणि मग गेल्या महिन्यात एका सकाळी, बादलीवर चढायच्या आतच, फोनवर पाच दांड्या आल्या. दिवाणखान्यात. सोफ्यावर. मी आवाज न करता गॅलरीत गेलो. समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर आमच्याकडे तोंड करून एक करड्या रंगाची नवी कोरी पाण्याची टाकी उभी होती. वॉचमनने मान हलवली आणि दोन बोटांनी नोटा मोजल्यासारखं केलं. "आतमध्ये डबे आहेत साहेब. लोकांना दिसू नये म्हणून वरून टाकी. भाडं आपल्यापेक्षा जास्त ठरलंय."

परवा रविवारी नाना चहाला आले. गॅलरीत, त्या टाकीच्या थेट समोर, वेताच्या खुर्चीत बसले. चेहऱ्यावर तजेला होता.

"डोकं काय म्हणतंय नाना?"

"अरे, एकदम हलकं! महिनाभर झोपसुद्धा काय लागते सांगू. टॉवर गेल्याचा परिणाम जाणवायला एवढे दिवस जावे लागले, इतकं ते अंगात मुरलेलं होतं बघ. आणि रेंजही आली की नाही? मी म्हणत होतो, टॉवरवाचून काही अडत नाही."

आई कप घेऊन आली. समोर बघत म्हणाली, "एवढी मोठी टाकी बसवलीय, पण पाणी चढवताना मोटारीचा आवाज कसा येत नाही गं बाई?"

मी आईकडे डोळे मोठे करून पाहिलं. ती गप्प झाली.

नानांनी चहाचा घोट घेतला, टाकीकडे बराच वेळ कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "त्यांची कमिटी हुशार आहे बरं का. आपलीही गच्ची रिकामीच पडलीय. तशी एक आपण बसवून घेऊ. येत्या सभेत मी ठराव मांडतो, तू अनुमोदन दे."

मी म्हटलं, "देतो."