भरतनाट्यम दोन हजार वर्षे जसेच्या तसे चालत आले आहे काय?

भरतनाट्यमच्या चित्रफितींबरोबर एक मजकूर हमखास फिरतो: हे नृत्य भरतमुनींनी घालून दिलेल्या रूपात दोन हजार वर्षे फक्त देवळांत अखंड चालू होते, पुढे देवदासींच्या हाती ते बिघडले आणि 1930 च्या दशकात ते शुद्ध करण्यात आले.

भरतमुनींचा म्हणून ओळखला जाणारा नाट्यशास्त्र हा ग्रंथ प्राचीन आहे आणि त्यातील ‘करणे’, म्हणजे नृत्यातील ठरावीक अंगस्थिती व हालचाली, तमिळनाडूतील चिदंबरमच्या मंदिराच्या गोपुरांवर कोरलेली आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु अलारिप्पू या आरंभीच्या नृत्यापासून तिल्लाना या अखेरच्या नृत्यापर्यंतचा आजचा कार्यक्रमाचा क्रम नाट्यशास्त्रात शोधून सापडणार नाही. तो प्रामुख्याने चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला, आणि त्यांना आश्रय होता तंजावरच्या भोसल्यांचा. ज्यांच्या दरबारात हे घडले, त्या दुसऱ्या सरफोजीराजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत ‘निरूपणे’ म्हणजे कथानृत्याच्या संहिता रचल्या, ज्यांत शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे रचनाप्रकार एका कथेभोवती गुंफलेले आहेत. हा मजकूर उत्साहाने पुढे पाठवणाऱ्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतील हा पुरावा ठाऊक नसावा, याचे नवल वाटते.

‘फक्त देवळांत’ हेही खरे नाही. अकराव्या शतकातील राजा राजराज चोळाच्या तंजावरच्या शिलालेखात मंदिरसेवेतील 400 स्त्रियांची नोंद आहे, हे खरे. पण त्यांचे नृत्य आजच्यासारखे होते असे त्यावरून ठरत नाही. पुढील काळात हीच कला दरबारांत आणि लग्नसमारंभांतही सादर होत असे. 1880 मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्या सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्यास आली, तेव्हा तिच्याबरोबर तंजावरचा नर्तकींचा ताफाही बडोद्याच्या दरबारी रुजू झाला.

सर्वांत अन्यायाचा भाग म्हणजे बिघडवण्याचा आणि शुद्धीचा. या शुद्धीचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1935 मध्ये मद्रासमधील अड्यारला नृत्य सादर केले आणि पुढील वर्षी कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेची स्थापना केली. वेशभूषा आणि रंगमंचाची मांडणी त्यांनी बदलली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्या शिकल्या कोणाकडे? देवदासी परंपरेतील मैलापूर गौरी अम्माळ आणि वंशपरंपरागत नट्टुवनार (नृत्यगुरू) पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडे. कला जर या समाजाच्या हाती बिघडलेलीच होती, तर शिकण्याजोगे त्यांच्यापाशी उरले काय होते, याचे उत्तर मजकुरात नाही. त्याच देवदासी परंपरेत जन्मलेल्या नर्तकी टी. बालसरस्वती यांनी शृंगार गाळून नृत्य ‘शुद्ध’ करण्याच्या कल्पनेला उघड विरोध केला. शृंगार हाच अभिनयाचा प्रमुख रस, असे त्या ठामपणे मांडत राहिल्या. 1977 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, ते याच न ‘सुधारलेल्या’ नृत्यासाठी.