कडू बिया, कलमी झाडं आणि आत्याचा डबा

गेल्या रविवारी आत्याचा फोन आला. तिची केमोथेरपी चालू आहे, तिसरी फेरी नुकतीच झाली. बोलता बोलता म्हणाली, "अगं, मी हल्ली रोज सकाळी जर्दाळूच्या सात कडू बिया चावून खाते. ग्रुपवर आलं होतं." बिया कुठून आणल्या विचारलं, तर ऑनलाइन मागवलेला अर्ध्या किलोचा डबा. तो मेसेज तिच्याकडून मागवून घेतला. दोन दिवसांत माझ्या आणखी दोन ग्रुपवरही तोच आला, एकीकडे तर 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' अशी विनंती जोडून.

मेसेज लांबलचक आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: सफरचंद, जर्दाळू, पीच ही फळं निसर्गातली नाहीतच, इंग्रजांनी प्रयोगशाळेत बनवून आपल्या माथी मारली. कलमी झाड म्हणजे जनुकं बदललेलं 'नपुंसक' झाड, बी पेरून येतं तेवढंच खरं. फळातलं असली औषध म्हणजे कडू बियांमधलं 'जीवनसत्त्व बी-१७', त्यानं कर्करोग मुळापासून जातो, आणि म्हणूनच कंपन्यांनी कडू जाती नाहीशा केल्या. काराकोरम पर्वतातल्या हुंझा खोऱ्यातले लोक या बिया खातात, त्यांना कर्करोग होत नाही. शेवटी सफरचंदावरच्या मेणाबद्दल चार ओळी.

आधी बियांचं बघू, कारण बाकीच्या चुकांनी कुणाचा जीव जात नाही.

बी-१७ नावाचं जीवनसत्त्व नाही. जीवनसत्त्व म्हणजे जे शरीराला मिळालं नाही तर आजार होतो असं द्रव्य. कडू बियांमध्ये असतं ते अमिग्डालिन, आणि ते न मिळाल्यामुळे जगात कुणालाही काहीही होत नाही. बी चावली की तिच्यातलंच एक विकर (एन्झाइम) अमिग्डालिनला फोडतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचतो, पण सायनाइडमुळे त्यांना तो वापरता येत नाही. कडू बदामाला जो उग्र वास येतो, तो अमिग्डालिन असं फुटताना निघणाऱ्या दुसऱ्या द्रव्याचा. बी स्वतःला खाणाऱ्यापासून वाचवते ती अशी. झाडानं ते विष आपल्या औषधासाठी तयार केलेलं नाही.

आणि हे औषध तपासून झालेलं आहे. अमिग्डालिनपासून केलेलं 'लेट्राइल' अमेरिकेत अर्न्स्ट क्रेब्स यांनी खपवलं, 'बी-१७' हे नावही तिथलंच. लोकांचा दबाव इतका वाढला की मेयो क्लिनिक आणि इतर कर्करोग केंद्रांनी १७८ रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. सोबत समर्थक सांगत तो आहार आणि जीवनसत्त्वंही दिली. निष्कर्ष १९८२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. बरं होणं नाही, गाठ आटोक्यात येणं नाही, त्रास कमी होणं नाही, आयुष्य वाढणं नाही. उलट काही रुग्णांमध्ये सायनाइडच्या विषबाधेची लक्षणं दिसली. 'डॉक्टर हे लपवतात' म्हणणाऱ्यांनी सांगावं, चाळीस वर्षांपूर्वी छापून आलेला निबंध लपवलेला कसा?

सात बियांचा हिशेबही करू. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ साली सांगितलं की मोठ्या माणसानं एका वेळी लहान आकाराच्या तीनपेक्षा जास्त कच्च्या बिया खाल्ल्या, तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलाला एकसुद्धा धोक्याची. मेसेज रोज सात सांगतो, तेही केमोथेरपीनं थकलेल्या माणसाला. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, धडधड ही सायनाइडची सुरुवातीची लक्षणं. आत्याला यातली दोन होतच होती आणि त्यांचा हिशेब ती केमोच्या खात्यात मांडत होती. माझा राग आहे तो याच गोष्टीवर. कुणी या बिया खात असेल, तर आजच थांबवा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हे त्रास होत असतील तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आता यातलं अर्धं खरं. जर्दाळूच्या बिया लोक खातात. लहानपणी सुके जर्दाळू खाऊन झाले की आम्हीही आठळ्या उंबऱ्यावर ठेवून दगडानं फोडायचो आणि आतला 'बदाम' खायचो. काही झालं नाही, कारण तो गोड असायचा. लडाखमध्ये तर यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत: गोड बीचा जर्दाळू तो न्यारमो, कडू बीचा तो खांते. गोड बिया खायला, कडू बिया तेलाला. तिथला रक्त्से कारपो हा पांढऱ्या आठळीचा आणि गोड बीचा जर्दाळू, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. म्हणजे कडू जाती कुणी नाहीशा केलेल्या नाहीत, त्या आजही उभ्या आहेत. फक्त तिथल्या माणसांना कुठली बी तोंडात टाकायची हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. डोंगरातल्या लोकांचा दाखला द्यायचा आणि त्यांचं ज्ञान मात्र उलटं करून सांगायचं, असा हा प्रकार आहे.

'मूळचं ते कडू आणि म्हणून औषधी' हा मेसेजचा पायाच चुकीचा आहे. रानटी बदाम कडूच असतो, मूठभर खाल्ला तर माणूस दगावू शकतो. त्याच्या जनुकांमध्ये कधीतरी एक बदल झाला, अमिग्डालिन तयार होणं बंद पडलं, आणि एखाद्या झाडाचे बदाम गोड निघाले. कुणीतरी ते झाड ओळखलं, राखलं, वाढवलं. तो बदल नेमका कुठे झाला हे २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आलं, पण काम झालं होतं हजारो वर्षांपूर्वी. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामून याच्या थडग्यात बदाम सापडले आहेत. कडूपणा कंपन्यांनी काढलेला नाही. शेतकऱ्यांनी काढला, कारण कडू बदाम जिवावर बेतू शकत होता.

'इंग्रजांनी प्रयोगशाळेत बनवलं' या दाव्यावर जास्त वेळ घालवायची इच्छा नाही. सफरचंदाचं मूळ मध्य आशियात, तिआनशान पर्वताच्या उतारांवर आहे. तिथे आजही रानटी सफरचंदांची जंगलं आहेत आणि त्यातल्या काही झाडांची फळं बाजारातल्या इतकी मोठी आणि गोड असतात. कझाक भाषेत अल्मा म्हणजे सफरचंद, अल्माटी शहराच्या नावात तेच आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव १९२९ साली तिथे पोहोचले आणि हेच सफरचंदाचं माहेर असं त्यांनी ओळखलं. (जगाची भूक भागावी म्हणून आयुष्यभर बियाणं गोळा करणारा हा माणूस १९४३ साली स्टालिनच्या तुरुंगात उपासमारीनं गेला. ते वाचल्यापासून हे नाव मी विसरू शकलेले नाही.) पुढे जनुकांच्या अभ्यासानंही तेच दाखवलं: व्यापारी वाटांवरून सफरचंद पश्चिमेला गेलं आणि वाटेत युरोपातल्या आंबट रानटी सफरचंदाशी त्याचा भरपूर संकर झाला. पीच चीनचं. सातव्या शतकात ह्युएनत्संगानं लिहून ठेवलं आहे की कनिष्काच्या काळी चीनहून आलेल्या ओलिसांनी पीच आणि नासपती भारतात आणली, म्हणून पीचला इथे 'चीनानी' आणि नासपतीला 'चीनराजपुत्र' म्हणत. तेव्हा कुठले आले इंग्रज?

एक मान्य करते. हिमाचलातलं आजचं सफरचंद परदेशी वाणाचं आहे. कुलूला १८७० मध्ये कॅप्टन ली यांनी बाग लावली, आणि कोटगढला १९१६ साली सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन माणसानं 'डेलिशस' या वाणाची झाडं आणून लावली. हे स्टोक्स पुढे स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेले आणि नंतर त्यांनी सत्यानंद हे नाव घेतलं. पण ते डेलिशससुद्धा प्रयोगशाळेत जन्मलेलं नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपाचं ते फळ.

राहिलं कलम. कोकणातल्या घरात, हापूसच्या कलमांखाली बसून आत्यानं 'कलमी झाड म्हणजे बनावट' हे वाचलं आणि खरं मानलं, याचं मला जास्त वाईट वाटलं. फोनवर मी तिला एवढंच विचारलं, हापूसचा बाठा पेरला तर हापूस येतो का? "छे गं, रायवळ येतो." अगदी तसंच सफरचंदाचं. त्याच्या फुलाला स्वतःच्या वाणाचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या वाणाचे लागतात, म्हणून प्रत्येक बी म्हणजे नवीन मिश्रण. एका फळातल्या पाच बिया पेरल्या तर पाच तऱ्हेची झाडं, आणि बहुतेकांची फळं आंबट नाहीतर बेचव. चांगलं निघालेलं झाड टिकवायचं तर त्याची काडी दुसऱ्या खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या रोपावर बांधायची, दुसरा मार्ग नाही. काडीची जनुकं काडीत राहतात, खुंटाची खुंटात. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या ग्रीक थिओफ्रास्टसनं सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी कलमाबद्दल लिहिलं आहे. 

बी रुजत नाही म्हणून झाड 'नपुंसक', असं वाटत असेल, तर त्याचं कारणही साधं आहे. सफरचंदाची बी काही आठवडे ओल्या थंडीत राहिल्याशिवाय रुजत नाही. देवगडच्या कुंडीत ती उगवली नाही, तर दोष कलमाचा नाही, हवेचा आहे. जनुकं बदललेलं सफरचंद जगात आहे, हेही सांगते: कापल्यावर काळं न पडणारं 'आर्क्टिक', अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेलं. पण आपल्याकडे आयात सफरचंदाबरोबर ते जनुकबदल केलेलं नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि कलमाशी त्याचा काही संबंध नाही.

मेणाचं म्हणाल, तर सफरचंदाला स्वतःचं मेण असतं. धुताना ते निघतं म्हणून काही जण खाण्यायोग्य मेणाचा पातळ थर देतात. नको असेल तर साल काढून खा.

आत्यानं मंगळवारी डॉक्टरांना बियांबद्दल सांगितलं आणि त्या त्याच दिवशी बंद झाल्या. डबा मी शनिवारी जाऊन घेऊन आले. ज्या काकांनी तो मेसेज ग्रुपवर टाकला होता, त्यांना हे सगळं आज पाठवते आहे. काका, तो मेसेज काढा आणि ज्यांना पुढे पाठवलात त्यांना एकेक फोन करा.